तेलाखालचा कागद

वाटीच्या बुडाखाली कागद पारदर्शक होत चालला होता — आधी वाटीएवढा गोल, मग त्या गोलातून बाहेर सरकलेली एक जीभ, आणि त्या जिभेत, जिथे तेल मुरलं होतं तिथे, मागच्या बाजूची उलटी अक्षरं आणि पुढची सुलटी एकमेकांत मिसळलेली... तरी एक ओळ वाचता येत होती. 'एकाच पोटरीत दुखणे, सूज किंवा गरमपणा असल्यास मालिश करू नये. कुणाकडूनही.' 'कुणाकडूनही'च्या खाली निळ्या पेनाने दोनदा ओढलेली रेघ. ती रेघ शुभांगीच्या डोळ्यांदेखत ओढली गेली होती, याच कॉटवर, बारा दिवसांपूर्वी, आणि तेव्हा ती हसली होती.

वाटी स्टुलावर होती. स्टुलाला तेलाचा डाग पडू नये म्हणून सासूबाईंनी हाताला लागेल तो कागद खाली घातला होता, आणि हाताला हाच लागला. गेले दहा दिवस रोज सकाळी साडेदहाला ती वाटी त्याच कागदावर येऊन बसत होती. दहा दिवस! म्हणजे दहा वेळा ही ओळ माझ्या डोळ्यांपासून दोन हातांवर होती, आणि मी दहाही वेळा बाळाकडे बघत होते.

बाळाकडेच बघायचं असतं. बावीस दिवसांची मुलगी. बारसं व्हायचं होतं, पण शुभांगी तिला मनातल्या मनात वेदिका म्हणायची. आत्ता ती मालिशवाल्या तानुबाईच्या लांब केलेल्या पायांवर उताणी पडली होती, तेलाने चकाकणारी, मुठी आवळलेली, आणि पाटावर बसलेली तानुबाई तिचे हात छातीवर आडवे घेऊन, सोडून, परत आडवे घेऊन काहीतरी तालात पुटपुटत होती. शुभांगी सवयीने तिचे श्वास मोजत होती. ती सगळंच मोजायची — श्वास, शिंका, दुपटी, दूध किती मिनिटं, कोणत्या बाजूने. फोनमध्ये त्याची यादी होती, वेळेसकट. त्या यादीत तिचा स्वतःचा डावा पाय कुठेच नव्हता.

"ही तुझ्यासारखीच बघ," तानुबाई म्हणाली, "नाकावर राग. पण अंग बाकी मोकळं हाय पोरीचं."

"माझं अंग मोकळं नाही का मावशी?"

"तुझं? तुझं अंग म्हंजे मळ्यातली वाळलेली नळी. वळवायला गेलं की मोडंल."

सासूबाई, सखुबाई, स्वयंपाकघरातून हसल्या. त्या हसायच्या तेव्हा बांगड्याही हसायच्या. मखमलाबादच्या मळ्यात चाळीस वर्षं शेवंती तोडलेले हात, आणि त्या हातांनी रोज तेल कोमट करून, बोट बुडवून, आपल्या गालाला लावून बघून मगच वाटी पुढे करणाऱ्या त्या सासूबाई... त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. हा राग फार वाईट. ज्याला बसायला जागाच नाही असा.

बाळंतपण सासरी झालं कारण पेठला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आई फोनवर म्हणाली, मालिशवाली नीट बघून ठेव गं, बाळंतिणीचं अंग एकदाच जुळतं. आणि शुभांगीने खरंच बघितलं. बाळाला पाजताना उरलेल्या एका हाताने ती फोनवर वाचत राहायची — थकवा असेल तर ही मालिश, झोप लागत नसेल तर ती, कंबर धरली असेल तर खोल दाबाची, मन अस्वस्थ असेल तर नुसती हलक्या हाताची. एका ठिकाणी तर दहा प्रश्न होते, उत्तरं द्या आणि तुमच्यासाठी योग्य मालिश निवडा. तिने निवडली. खोल दाबाची. साडी निवडावी तशी... काठ बघून, पोत बघून, आपल्याला शोभेल का ते बघून. त्या दहा प्रश्नांत एकाही शहाण्याने 'कोणता पाय दुखतो' असं विचारलं नव्हतं.

विचारलं होतं तृप्तीने.

तृप्ती सातपूरहून स्कूटीवर आली होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली, पाठीवर सॅक. एका नर्सिंग होममध्ये तीन वर्षं काम करून मग बाळंतिणींच्या मालिशचा कोर्स केलेली. आली, हात धुतले आणि तेल मागायच्या ऐवजी सॅकमधून हा कागद काढला. सिझर की नॉर्मल? टाके सुकले? बीपी होतं? घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती? सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला त्यांना राहवलं नाही.

"बाई, तू चोळायला आलीस का जनगणनेला?"

आणि मी हसले. टाके दुखेपर्यंत हसले. बावीस दिवसांत तेवढीच एकदा.

तृप्ती हसली नाही, चिडलीही नाही. "काकू, मालिश म्हणजे एकच नसते. झोप येण्यासाठी वेगळा हात, पाठीला वेगळा. सिझर झालेल्या बाईच्या पोटाला आत्ता हातच नाही. आणि एक पाय दुखत असेल तर मी इथे नुसती बसून राहीन, पण पायाला हात लावणार नाही."

"बसून राहायला आमच्याकडं पाहुण्या काय कमी हायेत?"

मग तिने ती रेघ ओढली होती, दोनदा. आणि म्हणाली होती — बसमधला कंडक्टर थांब्यांची नावं घेतो तशा सपाट आवाजात — की बाळंतपणानंतर रक्त घट्ट होतं, कधी कधी पायाच्या आतल्या शिरेत गुठळी धरते, बाहेरून नुसता पाय भरून आल्यासारखा वाटतो. चोळला की ती गुठळी सुटू शकते. सुटली की छातीत जाते. "मग दम लागायला लागतो, ताई. तेव्हा फार वेळ हातात नसतो." शुभांगी त्या वेळी वेदिकाची उचकी मोजत होती. सतरा उचक्या. हो हो, म्हणाली होती. कळवते तुम्हाला. कागदावर अर्ध्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या, उरलेल्या नंतर करू म्हणून कागद उशाशी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तानुबाईला बोलावलं तेव्हा मनात पहिला विचार आला तो — बरं झालं, आता प्रश्न नाहीत!

मी बी.एस्सी. आहे. प्राणिशास्त्र. बेडकाच्या हृदयाची आकृती काढून मी वीसपैकी एकोणीस मिळवलेत. पायाकडून हृदयाकडे, हृदयाकडून फुप्फुसाकडे... बाण मीच काढायचे, निळ्या आणि लाल पेन्सिलीने, टोक करकरीत करून. सगळ्या वर्गाला माझी वही फिरायची. आणि माझ्याच पायातून निघणारा बाण मला दिसला नाही.

परवापासून डावी पोटरी दुखत होती. आधी वाटलं आखडली असेल. नवरा, ज्ञानेश, कामावरून सुटल्यावर फोनवर म्हणाला, "अगं, दिवसभर पडून असतेस, सूज येणारच. थोडी चोळून घे." सातपूरच्या कंपनीत आठ तास उभं राहून त्याचे पाय दुखतात, शनिवारी सलूनमध्ये डोक्याची चंपी करून घेतली की त्याचं सगळं दुखणं जातं — डोक्याचं, पायाचं, घरचं. तो वाईट नाही. त्याला पाय म्हणजे पाय वाटतो. आणि काल... काल तानुबाईचा अंगठा त्या पोटरीत रुतला, टाचेपासून वर गुडघ्याच्या खळगीपर्यंत कळ गेली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी शुभांगीच म्हणाली, "अजून जोरात, मावशी."

हे कुणाला सांगणार? की बावीस दिवस या देहाला ज्याचा त्याचा हात लागला तो काहीतरी काढून घ्यायला — दूध, टाके, रक्ताची बाटली — आणि तो अंगठा एकटाच असा होता की जो नुसता माझ्यासाठी आला होता. मला बरं वाटत होतं. दुखत होतं आणि बरं वाटत होतं. माणूस किती स्वस्तात स्वतःला दुसऱ्याच्या हाती देतो!

तानुबाईने बाळाला पंच्यात गुंडाळून सासूबाईंच्या हाती दिलं आणि हात पुसत म्हणाली, "चल, आता तुझ्याकडं येते. आज तो पाय मोकळाच करते बघ. वात उतरलाय, दुसरं काय नाय."

"लाडू खात नाही ना," सासूबाई म्हणाल्या. "दोन लाडू ताटात तसेच. अंगात वात शिरंल नाहीतर काय?"

"वातच. त्या पेठ रोडच्या निळ्या गेटातल्या निकिताचा बी असाच डावा पाय. तुझ्याहून चार दिवस आधीची बाळंतीण. तिचा तर मांडीपोतर भरलाय. आठ दिस चोळते. पयल्यांदा लय आई गं, आई गं केलं पोरीनं, आता गप पडून राहती."

शुभांगीने गाऊन गुडघ्यापर्यंत वर घेतला होता. तिने दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवले — इतकी साधी गोष्ट, दोन पाय शेजारी ठेवून बघायची, आणि ती आत्ता करत होती. उजव्या पायातलं पैंजण घोट्यावर सैल लोंबत होतं. डावं रुतलं होतं. कातडी ताणलेली, चकचकीत. तिने बोटाचा मागचा भाग नुसता टेकवला. डावी पोटरी गरम होती. ताप आलेल्या बाळाच्या कपाळासारखी.

"मावशी... ती निकिता बरी आहे का?"

"बरी हाय की. कालपासून जरा जिना चढली की धापा टाकती, छातीत दुखतं म्हणती. अशक्तपणा. मी तिच्या सासूला सांगितलं, डिंकाचे लाडू वाढवा."

खोलीत काहीच झालं नाही. वेदिकाने जांभई दिली. बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती. तानुबाईने वाटीत चार बोटं बुडवली, आणि त्या बोटांवरून एक थेंब कागदावर पडला, आणि पडल्या पडल्या पसरला...

"हात लावू नका."

"आं?"

"पायाला हात लावू नका."

"अगं तेलच लावते, सुरी नाय लावत."

"नका म्हटलं ना!" हा आवाज आपला आहे हे शुभांगीला उशिरा कळलं. बाळ दचकून रडायला लागलं. सासूबाईंनी त्याला छातीशी घेतलं आणि डोळे मोठे केले. "कुणावर ओरडतेस, शुभांगी? तुझा नवरा यांच्या हाताखालून गेलाय. तुझी नणंद गेलीय. साऱ्या आळीची पोरं गेलीत."

"आई, हा पाय बघा. आणि हा बघा. एकदा बघा तरी."

सासूबाईंनी बघितलं नाही. त्यांनी तानुबाईकडे बघितलं, लाजून, पाहुण्यासमोर पोराने काहीतरी वाईट बोलावं तशा. मग शुभांगीने सगळं सांगितलं — गुठळी, शीर, छाती — भराभर, वाक्यं एकमेकांवर पडत, तृप्तीच्या सपाट आवाजातलं सगळं तिच्या तोंडून किंचाळत बाहेर आलं आणि त्यामुळेच खोटं वाटायला लागलं. रागात बोललेलं खरं कुणाला खरं वाटत नाही.

तानुबाई उठली. न्हाणीत जाऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लहान झाला होता.

"तीस वर्सं झाली. मी काय पोरी मारते?"

"मावशी, तसं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मला लिहून दिलं होतं! तुम्ही फक्त निकिताच्या घरी फोन करा. तिला म्हणावं आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

"आन तिच्या सासूला काय सांगू? तानुबाईनं चोळून चोळून घालवली म्हणून? उद्या माझ्या दारात कोण येईल गं?" तिने पदर खोचला, पिशवी उचलली. "तुला नसंल करायचं तर नको करू. मला पुढचं घर हाय. वाट बघत असंल पोरगी."

"कोण पोरगी?"

"निकिता," तानुबाई म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

शुभांगी उठायला गेली आणि डावा पाय खाली टेकताच कळ अशी वर आली की तिने कॉटचा दांडा धरला. धावता येत नाही. दारापर्यंत जाता येत नाही. "आई, त्यांना थांबवा! जा ना, त्यांच्याबरोबर जा, तिच्या सासूला सांगा." आणि सासूबाई, बाळाला थोपटत, दाराकडे दोन पावलं टाकून थांबल्या. "लोकाच्या घरातल्या सुनेचं आपण कसं सांगायचं? काय नाव, काय गाव..."

काय नाव, काय गाव. निकिता. निळं गेट. पेठ रोड. बस्स एवढंच.

ज्ञानेशचा फोन लागला नाही, पहिल्या पाळीत फोन लॉकरमध्ये असतो, तीन वाजता निघतो. शुभांगीने वाटी उचलून बाजूला ठेवली. कागद स्टुलाला चिकटला होता, तो नखाने सोडवला. खालच्या कोपऱ्यात, जिथे तेल अजून पोचलं नव्हतं, नंबर होता.

"तृप्ती बोलतेय."

"मी शुभांगी. मखमलाबाद. मी तुम्हाला कळवते म्हटलं होतं..."

पलीकडून लगेच, "कोणता पाय?"

एवढंच. आधी का नाही कळवलं, मी सांगितलं नव्हतं का, यातलं काही नाही. तिने खडसावलं असतं तर बरं झालं असतं, तिच्यावर रागावता आलं असतं. "डावा," शुभांगी म्हणाली आणि तो शब्द उच्चारताना रडू फुटलं. तीन दिवसांत मला हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. "चोळू नका, शेकू नका. रिक्षा बोलवा आणि मोठ्या दवाखान्यात जा, आत्ता. पायाची सोनोग्राफी हवी म्हणून सांगा. दम लागतोय?" "नाही... माहीत नाही." "लागतोय का बघा." मग शुभांगीने निकिताचं सांगितलं. "पेठ रोड केवढा मोठा आहे, ताई. नुसत्या निळ्या गेटावर मी कुठे शोधू?" आणि थोड्या वेळाने, स्कूटीची किल्ली खुळखुळल्याचा आवाज. "निघते तरी. तुम्ही निघा."

शेजारच्या चंदरला रिक्षा काढायला सासूबाईंनीच हाक मारली. शुभांगीला ओट्यावर बसवलं. मग, कोणी सांगितलं नसताना, त्या तिच्या पायाशी उकिडव्या बसल्या आणि डाव्या पैंजणाची कडी काढायला लागल्या. कडी निघत नव्हती. शेवंतीच्या देठाने काळी पडलेली ती बोटं कातडीला कुठेच न लागता फक्त चांदीला धरायची धडपड करत होती. कडी निघाली. पोटरीखाली साखळीची नक्षी उमटली होती, खोल, लालसर. सखुबाई त्या नक्षीकडे बघत राहिल्या.

"दुखलं का गं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं, हे विचारल्यावर राग जाईल. गेला नाही. फक्त कुणावरही बसायचा थांबला — सासूबाईंवर नाही, तानुबाईवर नाही, ज्ञानेशवर नाही, माझ्यावरसुद्धा नाही — आणि छातीत एका जागी स्थिर, गार होऊन उभा राहिला. आता तो मला लागणार आहे. रिक्षात, दवाखान्यात, 'बाळंतिणीला पायदुखी असतेच' असं कुणी म्हणेल तेव्हा. वेदिका सासूबाईंच्या खांद्यावर झोपली आहे आणि मी तिचे श्वास मोजत नाहीये. मी माझे मोजतेय. घेतला... सोडला. घेतला... हा जरा अपुरा आला का? की मीच ऐकतेय म्हणून? परत. घेतला... सोडला.

चंदरची रिक्षा गल्लीच्या वळणावर दिसतेय. आणि तानुबाई एव्हाना निम्म्या रस्त्यात असेल.

तुम्ही — हे वाचताय ते तुम्ही — त्या बाजूला राहत असाल, पेठ रोडला, आणि तुमच्या गल्लीत एखादं निळं गेट असेल, आत सव्वीस दिवसांची बाळंतीण असेल, तर आधी जा. बाळ बघायला आलो म्हणा, झबलं घेऊन जा, काहीही सांगा. बाळाकडे बघू नका. तिला दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला सांगा. एक पैंजण सैल आणि एक रुतलेलं आहे का बघा. हात लावू नका. तिला विचारा, दम लागतोय का, छातीत दुखतंय का, आणि ती 'अशक्तपणा आहे' म्हणाली तर ऐकू नका, कुणी हसलं तरी हसू नका, तसंच उचलून दवाखान्यात न्या. निकिता तिचं नाव. डावा पाय.